वीज गेली तरी चालणारें घड्याळ

ज्यांच्या विहिरीवरील मोटारीस वीज रात्रींच मिळते, त्यांस पाणी बदलण्याकरितां अपरात्रीं रानांत जाण्याचा त्रास किती, हें वाचकांस सांगणें नलगे. तो वांचावा म्हणून आमच्या पुतण्यानें गेल्या हिवाळ्यांत कांद्याच्या रानांत विजेवर उघडणारे तीन व्हॉल्व्ह बसविले व ते चालविण्यास आर्डुइनोचा लहानसा बोर्ड लाविला. प्रत्येक व्हॉल्व्ह क्रमानें दोन तास उघडा राहावा, अशी योजना होती. परंतु एके रात्रीं वीज चार वेळां गेली आणि आली. या बोर्डास दिवसाची वेळ ठाऊक नसते. चालू झाल्या क्षणापासून तो शून्यापासून मोजूं लागतो. त्यामुळें दर खेपेस पहिलाच व्हॉल्व्ह उघडला. सकाळीं पाहतों तों पहिल्या तुकड्यांत पाणी तुंबलेलें व तिसरा तुकडा कोरडा! पुढें त्या तुकड्यांतील कांदा सडला.

यावर उपाय म्हणजे डीएस ३२३१ या चिपेचें घड्याळ. तें चार तारांनीं आर्डुइनोस जोडतां येतें, आणि पाठीवरील गोल सेलामुळें वीज नसतांही चालू राहतें. आंत एक स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळां कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळां निम्मी केली कीं बरोबर एक उरतो, तोच सेकंद. सेकंद, मिनिट, तास, वार, तारीख, महिना व वर्ष असे सात रकाने ही चिप भरीत असते. कारकुनीत जन्म घालविलेल्या आम्हांस हें फार आवडलें.

डीएस १३०७ ही जुनी चिप स्वस्त आहे, परंतु तिचा स्फटिक उन्हाळ्यांत मागें पडतो. पत्र्याचा डबा ५५ अंशांपर्यंत तापला, तर दिवसास अडीच सेकंदांच्या आसपास फरक पडतो. डीएस ३२३१ दर ६४ सेकंदांनीं स्वतःची उष्णता मोजून चूक सुधारते. ० ते ४० अंशांत वर्षाचा फरक सुमारें एका मिनिटाहून अधिक होत नाहीं.

घड्याळ आल्यावर आर्डुइनोस ‘दोन तास मोज’ असें न सांगतां ‘अकरा ते एक पहिला, एक ते तीन दुसरा’ असें सांगावें. मध्यें वीज गेली तर तेवढें पाणी बुडतें खरें, परंतु एकाचें पाणी दुसऱ्यास जात नाहीं. मात्र घड्याळ लावण्याची ओळ प्रोग्रामांत तशीच राहूं देऊं नये. पुतण्यानें ती ठेविली, आणि वीज येतांच घड्याळ दर वेळीं त्याच जुन्या वेळेवर जाऊं लागलें. दोन रात्री आम्ही निष्कारण चिपेस दोष दिला.

सेलाविषयीं विशेष सावध राहावें. बाजारांतील पुष्कळ स्वस्त बोर्डांवर सेल भारित करण्याची सोय असते, आणि दुकानांत सहज मिळणारा सीआर २०३२ हा सेल तर भारित होणारा नव्हे. तो फुगून फुटण्याचें भय असतें. असा सेल घालावयाचा असल्यास डायोडाजवळील २०० ओहमचा रेझिस्टर आधीं काढून टाकावा. सेल बदलतांना मात्र बोर्डास वीज चालू असावी, नाहींतर घड्याळ पुन्हां लावावें लागतें.