पुढचं चाक मोठं का?
रायपूरहून जगदलपूरकडे जाताना केशकालचा घाट लागतो: वळणं, खड्डे, मालाने लादलेले ट्रक. अशा वाटेसाठी परवडणारी अ‍ॅडव्हेंचर बाइक निवडताना लोक आधी सीसी विचारतात. मी म्हणेन, पुढचं चाक बघा. हिरोच्या एक्सपल्स २०० चं ते २१ इंची आहे, रोजच्या बऱ्याच बाइकचं १७ किंवा १८. मोठं चाक खड्ड्याच्या काठाला कमी चढ्या कोनात भिडतं, त्यामुळे धक्का गाडीला मागे रेटण्याऐवजी चाकाला वर उचलतो आणि सस्पेन्शन तो पचवतं. बैलगाडीची चाकं उंच असण्याचं हेही एक कारण. मोठं चाक वळायला जरा आळशी, आणि छोटं इंजिन हायवेवर ओव्हरटेक करताना दमतं, हे आक्षेप खरेच. पण ताशी ७०-८० किमी पुरेसे वाटत असतील, तर छोट्या इंजिनाची हलकी गाडीच बरी: चिखलात आडवी झाली तर ती उभी करणं जड गाडीपेक्षा कितीतरी सोपं.