टोकियोचे वार्तापत्र : ऊन नसेल तेव्हा

टोकियोच्या वस्तीतल्या एखाद्या गल्लीत रात्री उशिरा लख्ख उजेडाचं, पण आत माणूस नसलेलं दुकान दिसलं, तर ते बहुधा कॉइन लाँड्रीचं असतं. नाणी टाका, कपडे धुऊन-वाळवून घ्या. नव्या पाहुण्याला वाटतं, इथल्या घरांत वॉशिंग मशीन नसावं. वस्तुस्थिती उलट आहे. मशीन जवळपास घरोघरी आहे. टबात उरलेलं आंघोळीचं पाणी पंपाने ओढून त्यातच कपडे धुण्याची काटकसरी रीतही इथलीच. तरीही माणसं धुण्याची पिशवी घेऊन बाहेर पडतात, कारण ही दुकानं आज टिकली आहेत ती धुण्यापेक्षा वाळवण्याच्या जोरावर.

जपानी माणसाची भिस्त गॅलरीतल्या काठीवर आणि उन्हावर. कपडे आज कितपत वाळतील, याचा निर्देशांकच हवामानाच्या अंदाजात दिला जातो. पण हे ऊन वर्षातून दोनदा दगा देतं. दुसऱ्या महायुद्धानंतर उजाड झालेल्या डोंगरांवर इमारती लाकडासाठी सुगी आणि हिनोकी या सूचिपर्णी झाडांची अफाट लागवड झाली. ती झाडं मोठी झाली, आणि फेब्रुवारी ते एप्रिल त्यांचे परागकण शहरांवर उतरतात. नाक-डोळ्यांनी हैराण झालेली माणसं तेव्हा कपडे बाहेर घालायला धजत नाहीत. मग साधारण जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या मध्यापर्यंत ‘त्सुयु’, म्हणजे पावसाळा. अर्धवट वाळलेल्या कपड्यांसाठी जपानीत ‘नामागावाकी’ असा शब्दच आहे. त्यांचा कुबट वास कोकणात आषाढात घरभर दोऱ्या बांधणाऱ्यांना समजावून सांगायला नको.

मग घरीच ड्रायर का घेत नाहीत? घरं लहान, विजेवरचा ड्रायर वेळखाऊ, आणि गॅसवरच्यासाठी वेगळी जोडणी लागते. दुकानातल्या मोठ्या गॅस ड्रायरमध्ये जाडजूड पांघरूणसुद्धा मावतं. इतिहासही हेच सांगतो. पूर्वी ही यंत्रं बरीचशी ‘सेंतो’ या सार्वजनिक स्नानगृहांशेजारी असत आणि मशीन नसलेले विद्यार्थी, एकटे कामगार तिथे येत. नुसत्या धुण्याचा प्रश्न असता, तर घरोघरी मशीन आल्यावर ती बंद पडायला हवी होती. तसं झालं नाही. तिथे आता संसारी माणसं गाद्या-पांघरुणं घेऊन येतात. फुकटच्या उन्हाचं काम गॅसकडून करून घेणं ही उधळपट्टी, हा आक्षेप मात्र खरा आहे. पण टोकियोच्या कोरड्या, उन्हाच्या हिवाळ्यात गॅलऱ्या कपड्यांनी भरलेल्या असतात. सवय अजून उन्हाचीच आहे.

प्रवाशाला याचा सरळ फायदा आहे. अनेक बिझनेस हॉटेलांतही अशी यंत्रं असतात, त्यामुळे चार दिवसांचे कपडे पुरतात. पुष्कळ यंत्रं साबण आपणच सोडतात. आधी पाटी पाहा. वेळ संपली की कपडे लगेच काढा, मागे कुणीतरी थांबलेलं असतं. आणि शंभर येनची सुटी नाणी जवळ असू द्या.