लहान हवं की स्वस्त?
लेखमाला ‘पडदा आणि बोटं’ : भाग ९

आज स्टायलसच्या पोटात शिरायचं ठरलं होतं, पण ते एक आठवडा पुढे ढकलतो. पडद्याच्या ४:३ आणि १६:९ या प्रमाणांवरचा मागचा भाग वाचून एका वाचकाने विचारलंय, ‘आयपॅड मिनीसारखे छोटे टॅब लोकांना खरंच हवे असतात, की कंपन्याच ते गळ्यात मारतात?’ प्रश्न एका ओळीचा असला तरी उत्तराला अख्खा भाग लागेल, कारण गेली पंधरा वर्षं याच प्रश्नावर मोठमोठ्या कंपन्या धडपडल्या आहेत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सुरुवातीची बरीच वर्षं टॅबलेटचं ‘लहान’ असणं आणि ‘स्वस्त’ असणं एकाच पुडीत बांधून विकलं गेलं. भाजीबरोबर कोथिंबीर फुकट मिळते तोवर गिऱ्हाइकाला ती हवी होती की नाही हे भाजीवाल्याला कळत नाही. तिचे वेगळे दहा रुपये मागितले की लगेच कळतं. टॅबलेटच्या बाजारात हे वेगळे पैसे मागण्याची वेळ २०१७ साली आली. त्यामुळे त्याआधीच्या खपाचे आकडे दाखवून कुणी ‘लोकांना छोटाच हवा’ किंवा ‘छोटा कुणालाच नको’ असं म्हणत असेल, तर दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत.

या वादाला खरं तोंड फुटलं ते १८ ऑक्टोबर २०१० रोजी. आयपॅड बाजारात येऊन सहा महिने झाले होते, सॅमसंगचा ७ इंची गॅलेक्सी टॅब दाराशी येऊन ठेपला होता. अ‍ॅपलच्या तिमाही निकालांच्या दिवशी स्टीव्ह जॉब्झ यांनी गुंतवणूकदारांसमोर ७ इंची टॅबची यथेच्छ टर उडवली. ७ इंच म्हणजे १० इंचांच्या सत्तर टक्के असं वाटतं, पण प्रत्यक्षात पडदा आयपॅडच्या ४५ टक्केच भरतो; आणि त्यावर बोटं चालवायची तर सोबत पॉलिश पेपर द्यावा लागेल, म्हणजे बोटं घासून बारीक करता येतील, असा त्यांचा मुद्दा होता. यातलं गणित जवळजवळ चोख आहे. इंच मोजतात ते कर्णाचे, आणि क्षेत्रफळ कर्णाच्या वर्गाने घटतं. त्यात गॅलेक्सी टॅबचा पडदा लांबट, १०२४ गुणिले ६०० ठिपक्यांचा, म्हणजे त्याच कर्णात क्षेत्रफळ आणखी कमी. आयपॅडचा ९.७ इंची पडदा सुमारे ४५ चौरस इंचांचा. गॅलेक्सी टॅबचा जेमतेम २१. जाहिरातीतला आकडा ग्राहकाला फसवतो, हे जॉब्झ यांचं म्हणणं आजही कुठलाही टॅब घेताना लक्षात ठेवण्यासारखं आहे.

बोटांचा मुद्दा मात्र तपासून पाहिला की टिकत नाही, आणि तो खोडून काढला खुद्द अ‍ॅपलनेच. अ‍ॅपल अ‍ॅप बनवणाऱ्यांना सांगते की ज्यावर बोट टेकवायचं ते बटण निदान ४४ पॉइंटांचं हवं. पहिल्या आयपॅडवर एक पॉइंट म्हणजे पडद्याचा एक ठिपका, आणि एका इंचात असे १३२ पॉइंट बसत. म्हणजे ते बटण साडेआठ मिलिमीटरचं झालं. पहिल्या आयफोनवर इंचात १६३ पॉइंट, म्हणून तेच बटण सात मिलिमीटरहून किंचित कमी. आणि त्या बटणांवर लाखो लोकांची बोटं २००७ पासून बिनबोभाट चालत होती. आता ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेला पहिला आयपॅड मिनी बघा: ठिपके आयपॅड २ इतकेच, १०२४ गुणिले ७६८, आणि पडदा ७.९ इंची. भागाकार केला की इंचाला १६३ येतात, आयफोनचाच आकडा. त्यामुळे आयपॅडसाठी लिहिलेली लाखो अ‍ॅप्स एक ओळही न बदलता मिनीवर चालली, आणि त्यातली बटणं आयफोनवरच्या बटणांहून लहान झाली नाहीत. शिवाय पडदा ४:३ च ठेवल्याने क्षेत्रफळ मोठ्या आयपॅडच्या ४५ टक्क्यांवर न घसरता दोन तृतीयांशाच्या आसपास राहिलं. ७ आणि ७.९ यांत एक इंचाचाही फरक नाही, पण जॉब्झ यांचे दोन्ही आक्षेप त्या पाऊण-एक इंचातच निकालात निघाले.

मग अ‍ॅपलचं मत कधी बदललं? याचं उत्तर ऑगस्ट २०१२ मध्ये सॅमसंगविरुद्धच्या खटल्यात बाहेर आलं. अ‍ॅपलचे अधिकारी एडी क्यू यांनी जानेवारी २०११ मध्ये, म्हणजे त्या पॉलिश पेपरच्या शेऱ्यानंतर सुमारे तीन महिन्यांतच, सहकाऱ्यांना एक ईमेल पाठवला होता. आयपॅड सोडून गॅलेक्सी टॅब घेतलेल्या एकाचा लेख त्यांनी पुढे पाठवला आणि लिहिलं की ७ इंचांना बाजार आहे, आपणही एक बनवावा. स्टीव्हशी आपण अनेकदा बोललो आहोत आणि अलीकडे ते ऐकून घेतात. त्या ईमेलमधला पुढचा तपशील मला जास्त मोलाचा वाटतो. क्यू यांच्या मते ७ इंचांवर ईमेल, पुस्तकं, फेसबुक आणि व्हिडिओ झकास चालतात, वेबसाइट बघणं हीच कमजोर बाजू. ही चार कामं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

मिनी येईपर्यंत बाजार दुसऱ्यांनी पेटवला होता. अ‍ॅमेझॉनने नोव्हेंबर २०११ मध्ये ७ इंची किंडल फायर १९९ डॉलरला आणला. गूगलने २०१२ च्या मध्याला असूसकडून बनवून घेतलेला नेक्सस ७ त्याच किमतीला. तेव्हा नवा आयपॅड ४९९ डॉलरपासून सुरू व्हायचा. आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत आकाश टॅबलेटचं उद्घाटन झालं, त्याचा पडदाही ७ इंचीच. सरकारला तो २,२७६ रुपयांना पडला, आणि पुढे त्याची जबाबदारी आयआयटी मुंबईकडे आली. त्याच्या पहिल्या आवृत्तीचा पडदा रेझिस्टिव्ह होता, नुसत्या स्पर्शाने न हलणारा, बोट दाबावं लागणारा. विद्यार्थ्यांच्या हातात ७ इंच बसतात की ९, याचा विचार करून तो आकार निवडलेला नव्हता. त्या पैशांत तेवढाच पडदा येत होता. किंडल फायर आणि नेक्ससचं मर्मही तेच. पडदा आणि बॅटरी हे टॅबलेटमधले महागडे भाग. आकार घटवला की दोन्ही घटतात. मिनीही ३२९ डॉलरला, आयपॅड कुटुंबातला सर्वांत स्वस्त म्हणूनच आला आणि तुफान चालला. २०१२ च्या शेवटच्या तिमाहीत अ‍ॅपलने २ कोटी २९ लाख आयपॅड विकले. आदल्या वर्षी त्याच तिमाहीत १ कोटी ५४ लाख. नगांची संख्या जवळजवळ निम्म्याने वाढली, पण मिळकत त्या मानाने पुष्कळच कमी. लोक उड्या मारत होते त्या लहान आकारावर की लहान किमतीवर? दोन्ही एकाच डब्यात असल्याने या आकड्यांतून ते सांगता येत नाही.

इथे कुणी ब्लॅकबेरीच्या प्लेबुककडे बोट दाखवील. तो ७ इंची होता, एप्रिल २०११ मध्ये थेट आयपॅडच्या किमतीला, ४९९ डॉलरला आला आणि आपटला. म्हणजे ‘महाग छोटा’ कुणाला नको हे तेव्हाच सिद्ध झालं की! पण प्लेबुकवर सुरुवातीला स्वतःचं ईमेलचं अ‍ॅपही नव्हतं. ईमेल बघायला शेजारी ब्लॅकबेरी फोन जोडावा लागे. ज्या कंपनीचं नाव ईमेलवर झालं तिने ईमेलशिवाय टॅब विकावा, अशा परीक्षेत नापास झाला तो आकार नव्हे. त्यामुळे हा पुरावा मी कुठल्याच बाजूने धरत नाही.

खरी उलथापालथ फोनने केली. सप्टेंबर २०१४ मध्ये साडेपाच इंची आयफोन ६ प्लस आला. सॅमसंगचे नोट फोन त्या वाटेने आधीच गेले होते. सर्वांत बोलका पुरावा ऑक्टोबर २०१४ चा आहे: गूगलने एकाच दिवशी जवळपास ६ इंची नेक्सस ६ फोन आणि ८.९ इंची नेक्सस ९ टॅब जाहीर केले. फोन वर सरकला, टॅबही वर सरकला, आणि मधल्या ७ इंचांना नवा वारसच मिळाला नाही. २०१३ चा नेक्सस ७ तर वाखाणला गेलेला होता, पडदा उत्तम, किंमत २२९ डॉलर. म्हणजे खराब होता म्हणून तो गेला असं म्हणण्याची सोय नाही. आता क्यू यांची यादी पुन्हा वाचा: ईमेल, पुस्तकं, फेसबुक, व्हिडिओ. ही चारही कामं साडेपाच-सहा इंची फोनने उचलली, आणि तो फोन खिशात असतोच. भारतात तर सिमकार्ड घालून फोनसारखे वापरायचे ७ इंची टॅब सर्रास विकले जात. मोठे फोन स्वस्त होताच त्या गिऱ्हाइकाला दोन वस्तू बाळगण्याचं कारण उरलं नाही. अ‍ॅपलच्या २०१३ च्या आर्थिक वर्षात ७ कोटी १० लाख आयपॅड विकले गेले होते. २०१६ मध्ये ४ कोटी ५६ लाख. या घसरणीची कारणं अनेक, पण त्यांत मोठ्या फोनचा वाटा नाकारता येणार नाही.

आणि मग कोथिंबिरीचे वेगळे पैसे मागण्याची वेळ आली. मार्च २०१७ मध्ये अ‍ॅपलने ९.७ इंची साधा आयपॅड आणला, किंमत ३२९ डॉलर. म्हणजे मिनी ज्या किमतीला जन्मला ती किंमत मोठ्या भावाकडे गेली, आणि मिनी ४ मात्र, जास्त साठवण देऊन का होईना, ३९९ ला बसला. स्वस्ताई हवी असणाऱ्याला आता छोटा घेण्याचं काही कारण राहिलं नाही. साडेतीन वर्षं मिनीची नवी आवृत्ती निघाली नाही आणि तो गेल्यातच जमा होता. तरीही मार्च २०१९ मध्ये नवा मिनी आला, ३९९ ला. सप्टेंबर २०२१ मध्ये ८.३ इंची मिनी आला तो शंभर डॉलरने महाग होऊन, ४९९ ला; त्याच दिवशी १०.२ इंची साधा आयपॅड ३२९ लाच होता. भारतात हे आकडे ४६,९०० आणि ३०,९०० रुपये. छोट्यासाठी सोळा हजार जास्त! ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा नवी आवृत्ती, किंमत तीच ४९९. मोठा स्वस्तात समोर असताना जास्त पैसे मोजून जो लहान उचलतो, त्यालाच खरोखर लहान हवा आहे.

तो कोण, हे मिनीच्या मापांतच दिसतं. २०१२ च्या मिनीची रुंदी १३४.७ मिलिमीटर होती. २०२४ च्या मिनीची १३४.८. मधल्या बारा वर्षांत पडदा ७.९ चा ८.३ झाला, कडेच्या पट्ट्या आटल्या, गोल बटण गेलं, लांबी थोडी घटली, वजन ३०८ ग्रॅमवरून २९३ वर आलं. रुंदी मात्र तशीच. कारण ती पंजाने ठरवलेली आहे: एका हाताने कडेकडेला धरता येईल इतपतच. पहिला आयपॅड जवळजवळ १९० मिलिमीटर रुंद आणि ६८० ग्रॅमचा होता. तो मांडीवर किंवा टेबलावर टेकवावाच लागे. एक हात अडकलेला असणारे, उभ्याने काम करणारे लोक म्हणून मिनीकडे वळतात: एप्रनच्या खिशात तो सरकवणारा डॉक्टर, कॉकपिटमध्ये मांडीला पट्ट्याने बांधून नकाशा बघणारा वैमानिक, आडवं पडून वाचणारा वाचक. चीनमध्ये लेनोवोने २०२२ मध्ये ८.८ इंची लीजन वाय७०० खास गेम खेळणाऱ्यांसाठी काढला. दोन्ही हातांनी धरल्यावर अंगठे पडद्याच्या मध्यापर्यंत पोचतात, हे १०-११ इंचांवर जमत नाही. वाचणाऱ्यांचा किंडल पेपरव्हाइटही ६ इंचांवरून २०२१ मध्ये ६.८ आणि २०२४ मध्ये ७ इंचांवर आला. एका हातात धरून वाचायचं माप इथेच कुठेतरी आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की अ‍ॅपलने मिनीच्या विक्रीचा वेगळा आकडा कधीच दिलेला नाही, आणि २०१८ च्या अखेरीपासून तर नग मोजून सांगणंच बंद केलं. मग हे सगळं हवेत नाही का? आकडा नाही हे खरं, पण वागणूक दिसते. तोट्यातली वस्तू कंपनी एकदा हट्टाने काढील. किंमत वाढवून तिसऱ्यांदा काढणार नाही. अर्थात मधली दोन-तीन वर्षंही काही सांगतात: हा बाजार दर वर्षी नवा साचा पाडावा एवढा मोठा नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अ‍ॅपलनेच मिनीची हेळसांड केली म्हणून मागणी आटली. २०१४ च्या मिनी ३ मध्ये बोटाचा ठसा आणि सोनेरी रंग यापलीकडे नवं काही नव्हतं, आणि जवळजवळ तसाच मिनी २ शेजारी शंभर डॉलर कमीला मिळत होता. हेळसांड झाली हे मान्य. पण निगा राखलेला नेक्सस ७ सुद्धा त्याच सुमारास संपला, म्हणजे सगळा दोष हेळसांडीचा नाही. आणि जिथे ‘स्वस्त’ टिकलं तिथे छोटा टॅबही टिकला: २०१५ मध्ये अ‍ॅमेझॉनने ७ इंची फायर ५० डॉलरला काढला आणि पाचाच्या किमतीत सहाचा गठ्ठा विकला! हे गिऱ्हाईक किमतीचं, आकाराचं नव्हे. उघडझाप करणारे फोन हे तिसरं टोक. २०१९ च्या गॅलेक्सी फोल्डच्या आत ७.३ इंची पडदा होता, १,९८० डॉलरला. सात इंचांची हौस जिवंत आहे हे त्यातून कळतं, पण तो घेणारा आपला फोन बदलत असतो, टॅब विकत घेत नसतो.

तेव्हा वाचकाला माझं उत्तर असं: छोटे टॅब कुणी गळ्यात मारले नाहीत, पण २०१२-१३ मध्ये ज्या झुंबडीने ते घेतले तिला लहान आकाराचं फारसं कौतुकही नव्हतं. झुंबड स्वस्ताईची होती, ती पुढे फोनकडे आणि साध्या आयपॅडकडे गेली. तिच्यामागे उरलेला गट लहान, चोखंदळ आणि जास्त मोजायला तयार आहे. घ्यायचाच असेल तर स्वतःला एवढंच विचारा: मोठा याच्याहून स्वस्त मिळत असताना मी हा घेईन का? उत्तर ‘नाही’ असेल तर मोठा घ्या, आणि तोही परवडत नसेल तर हातातला फोन पुरेसा आहे. स्टायलस पुढच्या भागात नक्की. मिनीवर तो लहानशा वहीसारखा चालतो की नुसताच मिरवतो, तेही तिथेच पाहू.