साहेब आले वसुलीला, राहिले जेवायला

ब्रिटनमध्ये आयकराचं नवं वर्ष ६ एप्रिलला सुरू होतं. १९९१ साली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी रात्री, आयटीव्ही वाहिनीवर एक तरुण कर-अधिकारी हातात सरकारी फॉर्म घेऊन केंट परगण्यातल्या एका शेतघराच्या अंगणात शिरला. अंगणात भंगाराचे ढीग, डुकरं, कोंबड्या आणि भरपूर पोरं. घरमालक सिडनी लार्किन, म्हणजे सगळ्यांचा पॉप, याने जन्मात कधी कर भरलेला नाही. अधिकाऱ्याने उत्पन्न विचारलं की पॉप खर्चाचं गाऱ्हाणं सांगतो आणि मधूनच दारूचा ग्लास पुढे करतो. फॉर्म कोराच राहतो. साहेब जेवायला थांबतात, मग मुक्कामाला थांबतात, घरच्या थोरल्या मुलीच्या, मॅरिएटच्या, प्रेमात पडतात आणि शेवटी घरजावईच होतात. सेड्रिक चार्लटन हे त्यांचं भारदस्त नाव पहिल्याच भेटीत बाद होतं आणि पॉप त्यांचा ‘चार्ली’ करून टाकतो.

‘द डार्लिंग बड्स ऑफ मे’ ही ती मालिका. पहिल्याच मोसमात प्रेक्षकसंख्येच्या यादीत तिने अव्वल जागा पटकावली आणि १९९३ च्या एप्रिलपर्यंत तिचे वीस भाग झाले. पहिल्या भागाची तारीख बहुधा कुणी मुद्दाम निवडली नसेल, पण मुहूर्त मात्र अचूक साधला. उत्पन्न कितीही असो, एका परिसरातल्या प्रत्येक प्रौढाला जवळपास सारखाच पडणारा ‘पोल टॅक्स’ इंग्लंडमध्ये वर्षभरापूर्वी लागू झाला होता. त्यावरून ३१ मार्च १९९० ला लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात दंगल पेटली. नोव्हेंबरात मार्गारेट थॅचर यांना पंतप्रधानपद सोडावं लागलं, त्याच्या कारणांत हाही कर होता. तो रद्द करत असल्याचं नव्या सरकारने २१ मार्च १९९१ ला जाहीर केलं. मंदी चालूच होती, घरकर्जाच्या हप्त्यांनी मध्यमवर्गाचं कंबरडं मोडलं होतं. अशा प्रेक्षकासमोर दोन-अडीच आठवड्यांत एक माणूस येतो आणि वसुली अधिकाऱ्याला केचप वाढून गप्प करतो. हसू येणारच.

पण मालिकेबद्दल बोलताना लोक कराचा विषय काढत नाहीत. हटकून आठवतात ते ऊन, हिरवे बांध, पिवळी रोल्स-रॉईस, भरलेलं टेबल आणि ‘तेव्हाचं साधं जगणं’. माझं भांडण आहे ते या शेवटच्या शब्दांशी. लार्किन कुटुंब साधं कधीच नव्हतं. ज्या लेखकाने ते घडवलं, त्याच्या लेखी ते ‘तेव्हाचं’ही नव्हतं.

हर्बर्ट अर्नेस्ट बेट्स हा नॉर्थॅम्प्टनशरमधल्या रशडेनचा, जन्म १९०५ चा. पहिली कादंबरी १९२६ साली आली, तेव्हा त्याने जेमतेम विशी गाठली होती. १९३१ मध्ये तो केंटमधल्या लिटल चार्ट या खेड्यात आला, धान्याचं एक जुनं कोठार राहण्याजोगं करून घेतलं आणि १९७४ साली मरेपर्यंत तिथलाच झाला. दुसऱ्या महायुद्धात हवाईदलाने त्याला चक्क गोष्टी लिहिण्यासाठी नोकरीवर ठेवलं होतं. ‘फ्लाइंग ऑफिसर एक्स’ या टोपणनावाने त्याने वैमानिकांच्या कथा लिहिल्या. १९४५ मध्ये त्याच हवाईदलाने त्याला हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशात धाडलं. त्या प्रवासातून ब्रह्मदेशावरच्या ‘द पर्पल प्लेन’ आणि ‘द जॅकरंडा ट्री’ या कादंबऱ्या निघाल्या. १९५० ची ‘द स्कार्लेट स्वोर्ड’ तर थेट १९४७ च्या काश्मीरवरची, टोळीवाल्यांनी तिथल्या ख्रिस्ती मिशनवर घातलेल्या हल्ल्याची. लार्किनांच्या गोडव्यात रमलेल्यांना हे सहसा माहीत नसतं. हा माणूस रक्तपात जवळून जाणणारा होता.

लार्किन कुटुंब त्याला कसं सापडलं, ते त्याने १९७२ च्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. केंटमधल्याच एका गावात दुकानासमोर एक खटारा ट्रक उभा होता, डोळ्यांत खुपेल अशा निळ्या रंगात नुकताच रंगवलेला. एक कुटुंब आइस्क्रीम आणि बटाट्याच्या कुरकुरीत काचऱ्या घेऊन दुकानातून बाहेर पडलं आणि ट्रकवर चढलं. बापाच्या खिशात नोटांचं जाडजूड पुडकं होतं. बेट्सने आधी त्यावर लघुकथा लिहायला घेतली, पण ती माणसं लघुकथेत मावेनात. १९५८ मध्ये कादंबरी आली आणि १९७० पर्यंत आणखी चार. पहिलीचं नाव शेक्सपिअरच्या अठराव्या सुनीतातून घेतलेलं. भंगारवाल्याच्या गोष्टीला शेक्सपिअरचं नाव द्यायचं, हीच त्यातली पहिली थट्टा.

आता १९५८ च्या इंग्रज वाचकाच्या पोटाचा विचार करा. जानेवारी १९४० ला सुरू झालेलं रेशनिंग जुलै १९५४ ला संपलं. युद्ध १९४५ ला थांबलं, शिधापत्रिका आणखी नऊ वर्षं चालल्या. त्या काळात आठवड्याला माणशी साधारण एक अंडं आणि ५०-६० ग्रॅम लोणी मिळे. मुलांच्या गोळ्या-चॉकलेटांवरचं नियंत्रण तर १९५३ मध्ये उठलं. १९५७ च्या जुलैत पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन यांनी, आपल्या बहुतेक लोकांना इतके बरे दिवस कधी आलेच नव्हते, असं जाहीर भाषणात सांगितलं. त्याच्या पुढच्या वर्षी बेट्सची कादंबरी आली. त्या वाचकाला लार्किनांच्या टेबलावर गेला काळ दिसत नव्हता. कालपर्यंत रांगेत उभं राहून जे मिळत नव्हतं, ते आज ढिगाने समोर आलेलं दिसत होतं.

ते टेबल जरा जवळून पाहण्यासारखं आहे. घरात डीप फ्रीज आहे. १९५८ साली इंग्लंडमधल्या खेड्यात ही अपूर्वाई. दारूच्या बाटल्या ठेवायला स्पॅनिश गलबताच्या आकाराचं कपाट आहे. पॉप पुस्तकात पाहून कॉकटेल बनवतो आणि त्यातल्या एकाचं नावही रोल्स-रॉईस. मा लार्किन अंगापिंडाने एवढी थोरली की बेट्सने तिची रुंदी यार्डात मोजली आहे. ती जेवणावर केचप ओतते आणि वर आइस्क्रीम हाणते. आणि हे सगळं चालू असताना टीव्ही लावलेला असतो. पाहुणा आला म्हणून तो बंद होत नाही, अधिकारी प्रश्न विचारतोय म्हणूनही नाही. ‘पूर्वी घरातली सगळी माणसं एकत्र बसून जेवायची हो’ असं म्हणत १९९१ च्या प्रेक्षकाने डोळे पुसले ते ज्या कुटुंबाकडे पाहून, ते कुटुंब टीव्ही बघत जेवत होतं.

बाकीच्या बाबतीतही हे घर जुन्या वळणाचं नाही. पॉप आणि मा यांना सहा मुलं आहेत, सातवं पुढे होतं, पण त्यांचं लग्न झालेलं नाही. मॅरिएटला आपण गरोदर असल्याची शंका येते, तेव्हा घरात रडारड होत नाही, जेवण पुढे चालू राहतं. दिवस गेले असतील तर चांगलंच, आणि हा सरकारी पोरगाही काही वाईट दिसत नाही, असा साधा हिशेब. १९५८ च्या इंग्लंडमध्ये कुमारी मातांना घरातून घालवून दिलं जाई, त्यांची मुलं दत्तक दिली जात. बेट्सने लिहिलेलं खेडं असं असतं तर किती बरं, अशा प्रकारचं आहे, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

आपल्याकडच्या ग्रामीण विनोदाशेजारी हे ठेवून पाहिलं की फरक लख्ख दिसतो. द. मा. मिरासदारांच्या भोकरवाडीत नाना चेंगट आणि बाबू पैलवान यांच्याकडे रिकामा वेळ सोडून काहीच मुबलक नसतं. गंमत त्या रिकामपणातून आणि त्यात शिजणाऱ्या बेतांतून येते. शंकर पाटलांच्या कथेत माणूस फजित होतो तोही बहुधा आपल्या ऐपतीबाहेर पाऊल टाकल्यामुळे. बेट्सचा विनोद भरल्या पोटाचा आहे. आपल्या वाचकाला पॉप लार्किनचा आणखी एक पराक्रम कळायला वेळ लागेल. भारतात शेतीचं उत्पन्न आयकरातून वगळलेलं आहे, त्यामुळे शेतकऱ्याच्या अंगणात आयकरवाला शिरण्याचा प्रसंग आपल्या ग्रामीण कथेत सहसा येत नाही. अर्थात पॉपची खरी कमाई भंगाराची आणि लष्कराच्या जुन्या मालाची. शेती नावापुरती. म्हणजे इकडे असता तरी त्याने सातबारा पुढे केलाच असता.

पडद्यावर हे सगळं आणलं यॉर्कशायर टेलिव्हिजनने. केंटची गोष्ट, कंपनी पार उत्तरेची. लेखकाचा मुलगा रिचर्ड बेट्स निर्मात्यांत होता. चित्रीकरण प्लकलीजवळच्या बस फार्मवर झालं. ते लिटल चार्टपासून अगदी जवळ, म्हणजे बेट्सच्या रोजच्या टापूतलं. पॉपच्या भूमिकेत डेव्हिड जेसन. ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’ या मालिकेत दहा वर्षं त्याने डेल बॉय रंगवला होता, लंडनच्या फुटपाथवर सुटकेसमधून माल विकणारा आणि पुढच्या वर्षी आपण लखपती होणार म्हणून बसलेला. तोच चेहरा आता खेड्यात दिसला, आणि या वेळी नोटांचं पुडकं खरोखर खिशात. ब्रिटिश प्रेक्षकांना या बदलाने केवढं सुख दिलं असेल! मा झालेली पॅम फेरिस मला या मालिकेचा कणा वाटते. पोरांना दटावताना, पॉपला जवळ ओढताना, पाव कापताना ती कुठेच विनोद करत नाही, म्हणून बाकीच्यांचा विनोद टिकतो. मॅरिएट झालेली कॅथरिन झीटा-जोन्स ही वेल्समधल्या स्वॉन्झीची विशीतली मुलगी. ती एका रात्रीत देशाला ठाऊक झाली आणि बारा वर्षांनी ‘शिकागो’साठी ऑस्कर घेऊन गेली.

कादंबरी आणि मालिका यांच्यामध्ये तेहतीस वर्षं गेली होती. मालिकेने काळ १९५० च्या दशकातलाच ठेवला आणि वर्तमानकाळाचा भूतकाळ झाला. निळा ट्रक बेट्सने भडक म्हणून निवडला होता, कॅमेऱ्यात तो गोड दिसू लागला. बिअरसाठी लागणारे हॉप्स वाळवायच्या निमुळत्या छपरांच्या भट्ट्या, ज्यांना तिकडे ओस्ट म्हणतात, मागे शोभेला आल्या. खऱ्या ओस्टचं काम तोवर बहुतेक ठिकाणी बंद पडून त्यांची टुमदार घरं झाली होती. एके काळी लंडनच्या ईस्ट एंडमधली गरीब कुटुंबं दर सप्टेंबरात हॉप्स तोडायला पोराबाळांसह केंटात येत, पत्र्याच्या आणि विटांच्या खोपटांत राहत. त्यांची सुट्टी म्हणजे ती मजुरी. यंत्रं आली आणि साठच्या दशकात तीही संपली. कादंबरीत स्ट्रॉबेरी तोडायचा प्रसंग आहे. त्यात चार्लीवरून बायका शेतातच एकमेकींच्या झिंज्या धरतात. मालिकेत तो प्रसंग इतक्या छान उन्हात घडतो की पाठ मोडेल असं ते काम आहे, हे विसरायला होतं. आणि मालिका चालू होती तेव्हा त्याच केंटच्या किनाऱ्याखाली चॅनेल टनेलचं काम जोरात होतं. १ डिसेंबर १९९० ला इंग्रज आणि फ्रेंच कामगारांनी समुद्राखाली एकमेकांचे हात हातात घेतले होते. तो केंट मालिकेच्या चौकटीत कुठेच नाही.

बेट्सला मात्र अशा गोड खेड्याचं गिऱ्हाईक आधीच ठाऊक होतं. त्याने ते रंगवूनही ठेवलं होतं. १९६० च्या ‘व्हेन द ग्रीन वुड्स लाफ’मध्ये पॉप गोर कोर्ट नावाचा एक जुना वाडा विकत घेतो. बेत असा की वाडा पाडायचा आणि शिसं, लाकूड, दगड भंगारात विकायचं. ही काही लेखकाची अतिशयोक्ती नव्हे. युद्धानंतर वारसा-कर आणि नोकरांचा तुटवडा यांमुळे इंग्लंडमध्ये असे शेकडो वाडे पाडले गेले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने त्यावर १९७४ मध्ये एक प्रदर्शनच भरवलं. पण पॉपला वाडा पाडावाच लागत नाही. जेरेबोम नावाचं लंडनचं श्रीमंत जोडपं येतं. त्यांना खेडं हवंय. शांतता, तळं, जुन्या भिंती, थोडी शिकार, गोड गावकरी. पॉप त्यांना तोच वाडा चढ्या भावाने गळ्यात मारतो. पुढे जेरेबोम बाईंचा आणि पॉपचा होडीतला घोटाळा कोर्टापर्यंत जातो. ते प्रकरण आज वाचताना हसू पूर्वीइतकं मोकळं येत नाही, आणि येऊही नये. पण विक्रीचा तो प्रसंग अव्वल आहे. पॉप खेड्याबद्दल एकही खोटं वाक्य बोलत नाही. तो फक्त जेरेबोमना बोलू देतो.

गंमत म्हणजे ही गोष्ट मालिकेच्या पहिल्याच मोसमात आली, दोन भागांत. पॉपने जेरेबोमना कसं बनवलं म्हणून लाखो लोक हसले आणि मग सुट्टीत गाड्या काढून प्लकलीला गेले. ब्लॅक हॉर्स या तिथल्या पबने मालिकेत ‘हेअर अँड हाउंड्स’चं काम केलं होतं. पर्यटक तिथे बसून बिअर पिऊ लागले. भुताटकीचं गाव म्हणून प्लकलीचा लौकिक आधीपासूनच होता. आता भुतं आणि लार्किन अशी दुहेरी कमाई सुरू झाली. केंटमधला हा सगळा टापू ‘डार्लिंग बड्स’चा मुलूख म्हणून पर्यटकांना दाखवला जाऊ लागला.

२०२१ च्या ऑक्टोबरात आयटीव्हीने ‘द लार्किन्स’ या नावाने पुन्हा तीच गोष्ट आणली. लॉकडाऊनमधून नुकताच बाहेर पडलेला देश, पॉप झाला ब्रॅडली वॉल्श, मा झाली जोआना स्कॅनलन आणि चार्लीच्या भूमिकेत टोक स्टीफन हा कृष्णवर्णीय नट. मोठ्या टेबलाभोवती माणसं दाटीवाटीने बसलेली पाहणं हीच त्या वर्षी चैन होती. दोन मोसम होऊन ती थांबली. टीका करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली होती, जुनीची सर नाही. आणि जुनी म्हणजे त्यांना १९५८ ची कादंबरी अभिप्रेत नव्हती. १९९१ ची मालिका अभिप्रेत होती, आणि तिच्यासोबत ते वर्षही. तेव्हा ब्रिटनमध्ये घराच्या अँटेनावर जेमतेम चार वाहिन्या दिसत, रविवारी रात्री अख्खं घर एकाच टीव्हीसमोर बसे आणि सोमवारी सकाळी कचेरीत सगळ्यांकडे बोलायला एकच विषय असे. पोल टॅक्स, मंदी आणि चढे हप्ते त्या आठवणीत नाहीत. त्या वीस भागांच्या डीव्हीडी निघाल्या, जुने भाग पुन्हा पुन्हा दाखवले गेले आणि दर खेपेला गिऱ्हाईक मिळालं.