बिल कोणाच्या नावावर?

नवा मोबाइल बाजारात आला की पहिल्या आठ-पंधरा दिवसांत त्याला जो भाव मिळतो, तो पुढे दोन महिन्यांनी मिळत नाही. ही साधी गोष्ट ओळखून आपल्या शहापूर-मुरबाड तालुक्यांतील काही तरुण मुले नवा फोन घ्यायचा आणि लगेच विकायचा या धंद्यात शिरली आहेत. कोणी भिवंडी-पडघ्याच्या गोदामात पाळी करून उरलेल्या वेळात हा उद्योग करतो, तर कोणी एम.आय.डी.सी.तले कंत्राटी काम सुटले म्हणून करतो. घरात चार पैसे येतात, आईवडीलही समाधानी असतात. मुलगा व्यसन करीत नाही, कोणाचे लुबाडून आणीत नाही, मग बिघडले कुठे?

माल घेणे आणि नफ्याने विकणे हा गुन्हा नव्हे. आपल्या समाजातील मुलांनी नोकरीची वाट बघत न बसता धंद्यात उतरावे, असे आम्ही स्वतः अनेक सभांतून सांगत आलो आहोत. परंतु या धंद्यात एक प्रश्न असा आहे, जो घरात कोणी विचारीत नाही. बिल कोणाच्या नावावर? सिम कोणाच्या नावावर? पैसे कोणाच्या खात्यात? आम्ही कारकुनी करणारी माणसे. कागदावर ज्याचे नाव, जबाबदारी त्याची, एवढे मात्र आम्हांला पक्के ठाऊक आहे.

टंचाई तेथे नफा

हा प्रकार काही नवा नाही. एके काळी बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि ज्याचा नंबर लागे तो ‘ऑन’ घेऊन गाडी दुसऱ्यास देई. गॅसच्या नंबराचे आणि टेलिफोनच्या जोडणीचेही तसेच होते. माल कमी आणि मागणारे जास्त झाले की मधल्या माणसाला पैसा सुटतो.

मोबाइलमध्ये ही गोष्ट २०१४ साली ठळकपणे दिसली. २२ जुलै २०१४ रोजी शाओमी कंपनीचा एमआय-३ हा फोन फ्लिपकार्टवर १३,९९९ रुपयांना विक्रीस आला आणि तासाभराच्या आत संपला. त्याच वर्षी सप्टेंबरात ५,९९९ रुपयांचा रेडमी वन-एस आला, तो तर काही सेकंदांत संपला. ज्यांना फोन मिळाला नाही ते दोन पैसे जास्त द्यायला तयार होते. फेरविक्रीचा बाजार तेथून वाढला.

अगदी अलीकडे, १९ सप्टेंबर २०२५ रोजी आयफोन १७ ची विक्री सुरू झाली. त्याची किंमत ८२,९०० रुपयांपासून सुरू होत होती. तरीही मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील दुकानाबाहेर पहाटेपासून रांग लागली आणि गर्दीत धक्काबुक्की झाली.

पण टंचाईच्या नावाखाली फसवणूकही होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘फ्रीडम २५१’ नावाचा फोन अवघ्या २५१ रुपयांत देण्याची जाहिरात झाली. गरिबाच्या घरात स्मार्टफोन येणार म्हणून लोकांनी नोंदणीसाठी झुंबड केली. कोट्यवधी नोंदण्या झाल्याचे कंपनीने सांगितले. पुढे वर्षभराने त्या कंपनीच्या संचालकाला अटक झाली, ती एका वितरकाच्या तक्रारीवरून. म्हणजे मधल्या व्यापाऱ्याचाही पैसा अडकला होता. आधी पैसे भरून एजन्सी घेऊ पाहणाऱ्या तरुणांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

हिशेब मांडून पाहू

आता हा धंदा चालतो कसा ते पाहू. समजा, एका फोनची किंमत २०,००० रुपये आहे. अमुक बँकेच्या कार्डावर घेतल्यास २,००० रुपये सूट आहे. मुलाकडे कार्ड नाही. तो शेजारच्या नोकरदार अण्णांना म्हणतो, “अण्णा, तुमचे कार्ड वापरू द्या, तुम्हांला ३०० रुपये देतो.” फोन १८,००० ला येतो. मुलगा तो दुकानदारास १८,८०० ला देतो. अण्णांचे ३०० वजा जाता मुलाला ५०० उरले. दुकानदार तोच फोन गिऱ्हाइकास २०,००० ला विकतो, त्याला १,२०० सुटले.

वरवर पाहता सर्वांचेच भले झाले. पण जोखीम कोणाकडे राहिली ते पाहा. बिल अण्णांच्या नावावर. कार्डाचे १८,००० रुपये भरण्याची जबाबदारी अण्णांची. दुकानदाराने पैसे थकवले, तर मुलगा हात वर करील आणि बँक अण्णांच्या दारात येईल. हप्ता चुकल्याची नोंद पतअहवालात बसते आणि उद्या अण्णांनी घरासाठी कर्ज मागितले की ती नोंद आडवी येते. असे महिन्याला सात-आठ फोन झाले, तर वर्षभरात कार्डाचा भरणा १० लाखांच्या वर जातो आणि बँक त्याची माहिती प्राप्तिकर खात्याला कळवते. ३०० रुपयांच्या मोबदल्यात अण्णांनी एवढे ओझे डोक्यावर घेतले!

शिवाय ऑनलाइन कंपन्यांच्या अटींत सवलतीचा माल स्वतःच्या वापरासाठीच घ्यावा, असे लिहिलेले असते. फेरविक्रीचा संशय आला तर त्या मागणी रद्द करतात, खाते बंद करतात.

गिऱ्हाइकाचे काय झाले? मोबाइलवर १८ टक्के जी.एस.टी. आहे, हा दर १ एप्रिल २०२० पासून लागू आहे. २०,००० रुपयांत सुमारे ३,०५१ रुपये कराचे असतात. गिऱ्हाइकाने कर भरला, पण त्याच्या हाती बिल नाही, किंवा आहे ते अण्णांच्या नावाचे. असा फोन एस.टी.त किंवा कसारा लोकलमध्ये चोरीला गेला, तर सरकारच्या ‘संचार साथी’ व्यवस्थेतून तो बंद करताना पोलीस तक्रारीची प्रत जोडावी लागते आणि खरेदीचे बिलही जोडता येते. ते कोठून आणणार?

आणखी एक गोष्ट. ‘ऑन’ घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की पाकीटबंद मालाच्या २०११ च्या नियमांनुसार छापील किमतीपेक्षा जास्त दराने माल विकता येत नाही. टंचाई आहे, ही सबब तेथे चालत नाही.

अॅक्टिव्हेशनची तीन कुलपे

नवा फोन घेतला की “अॅक्टिव्हेट करून देतो” असे दुकानदार किंवा गल्लीतला जाणता मुलगा म्हणतो. घरातल्या मोठ्या माणसांना वाटते, बटण दाबायचे काहीतरी काम असेल. प्रत्यक्षात ही तीन वेगवेगळी कुलपे आहेत आणि प्रत्येकाची किल्ली कोणाच्या खिशात आहे, हे पाहिले पाहिजे.

पहिले कुलूप खुद्द फोनचे. सील तोडून पहिल्यांदा सिम घातले आणि इंटरनेट जोडले की कंपनीकडे त्या दिवसाची नोंद होते. दुकानदाराची ठरलेली विक्री पूर्ण झाली की नाही, हे कंपन्या पुष्कळदा या नोंदीवरून पाहतात. म्हणून काही ठिकाणी गिऱ्हाईक नसतानाच बॉक्स उघडून फोन चालू केला जातो आणि मग तो ‘नवा’ म्हणून विकला जातो. ज्या कंपनीची वॉरंटी पहिल्या वापरापासून मोजतात, तेथे तुमचे महिने दुकानाच्या कपाटातच संपतात. म्हणून बॉक्स आपल्या डोळ्यांसमोर उघडावा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की पंधरा आकडी आय.एम.ई.आय. क्रमांक दिसतो. तो बॉक्सवरील आणि बिलावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. इंग्रजीत के-वाय-एम ही अक्षरे, मग जागा सोडून तो क्रमांक लिहून १४४२२ वर संदेश पाठवला, तर फोनची नोंद बरोबर आहे की नाही ते कळते.

दुसरे कुलूप सिमचे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली तेव्हा आधारवर अंगठा ठेवून सिम मिळे आणि दुकानांपुढे रांगा लागत. सिम फुकट असूनही त्याचे पैसे घेतल्याच्या तक्रारी तेव्हा झाल्या. पुढे २४ ऑगस्ट २०१७ पासून जिओफोनची नोंदणी सुरू झाली. नोंदणीला ५०० आणि फोन हाती येताना १,००० असे १,५०० रुपये अनामत, तीन वर्षांनी परत मिळणारी. त्यात फक्त जिओचेच सिम चाले. असा फोन दुसऱ्याच्या हातून घेतला, तरी अनामत ज्याच्या नावावर, ती परत मागण्याचा हक्क त्याचा. फोन एकाच्या हातात आणि हक्क दुसऱ्याच्या खिशात!

त्या काळात अंगठ्याचा एक प्रकार चाले. “मावशी, पहिला अंगठा नीट उमटला नाही, पुन्हा द्या.” मावशी पुन्हा अंगठा देई. पहिल्या अंगठ्यावर तिचे सिम निघे आणि दुसऱ्या अंगठ्यावर तिच्याच नावाने दुसरे सिम निघून कोणाच्या तरी हाती जाई. आपल्या आजा-पणजांनी सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठे दिले आणि जमिनी गेल्या. आता कागद दिसत नाही, एवढाच फरक. आजही चेहऱ्याचा फोटो दोनदा मागितला, तर कारण विचारा.

१७ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने जाहीर केले की ५२ लाख जोडण्या बंद केल्या असून ६७,००० विक्रेत्यांना काळ्या यादीत टाकले आहे. १ डिसेंबर २०२३ पासून सिम विकणाऱ्याची नोंदणी सक्तीची झाली. दूरसंचार कायदा २०२३ तील शिक्षेची कलमे २६ जून २०२४ पासून लागू आहेत. एका माणसाच्या नावावर ९ पेक्षा जास्त सिम असल्यास पहिल्या वेळी ५०,००० रुपयांपर्यंत आणि पुन्हा सापडल्यास २ लाखांपर्यंत दंड आहे. दुसऱ्याचे सोंग घेऊन किंवा फसवून सिम काढल्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्या नावाचे सिम शे-दोनशे रुपयांत दुसऱ्यास देणाऱ्या मुलाने हे आकडे दोनदा वाचावेत. त्या सिमवरून कोणाला फसवले गेले, तर पोलीस आधी नावाच्या पत्त्यावर येतात, म्हणजे आपल्याच घरी.

तिसरे कुलूप खात्याचे. फोन चालू करताना जीमेलचा पत्ता लागतो. काकूंना तो नसतो, म्हणून लावून देणारा मुलगा स्वतःचाच पत्ता टाकतो. वर्षभराने फोन अडकला आणि सगळे पुसून नव्याने चालू करावा लागला, की फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो. तो मुलगा तोवर पुण्याला कामाला गेलेला असतो. पैसे काकूंचे, फोन काकूंचा, किल्ली मात्र दुसऱ्याकडे! काकूंचे फोटो आणि नातेवाइकांचे नंबरही त्याच्याच खात्यात जमा होत असतात.

पैशाचे तर आणखी जपावे लागते. मुरबाड तालुक्यातील धसई गाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले, तेव्हा सारी चर्चा कार्ड घासण्याच्या मशीनची होती. आता फोनच मशीन झाला आहे. म्हणून पैशाच्या अॅपचा पिन मालकानेच टाकायचा, लावून देणाऱ्याने त्या वेळी मान फिरवायची. फेरविक्री करणाऱ्या मुलांनीही अनोळखी माणसाकडून आपल्या खात्यात पैसे घेताना विचार करावा. ते पैसे कोणाला फसवून आलेले निघाले, तर खाते गोठते आणि त्यातच घरखर्चाचे पैसेही अडकतात.

मग धंदा करूच नये काय?

अवश्य करावा, पण स्वतःच्या नावाने. केवळ मालाची विक्री असेल आणि ती राज्यातच असेल, तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत महाराष्ट्रात जी.एस.टी. नोंदणी सक्तीची नाही. ऑनलाइन संकेतस्थळावरून किंवा परराज्यात विकायचे असल्यास मात्र नियम निराळे आहेत. उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी कोणा एजंटाला पैसे देण्याचे कारण नाही. मोजके कामगार असलेल्या लहान दुकानाला २०१७ च्या कायद्याप्रमाणे नुसती सूचना देऊन दुकान चालविता येते.

शिवाय अॅक्टिव्हेशन हाच एक चांगला धंदा आहे. किन्हवली, डोळखांब, सरळगाव, टोकावडे या बाजूंच्या गावांत फोन लावून देणारा, वृद्धांना त्यांच्याच नावाचे जीमेल काढून देणारा, पासवर्ड वहीत लिहवून घेणारा, जुन्या फोनमधले फोटो नव्यात घालून देणारा माणूस हवा आहे. त्या कामाचे शंभर-दीडशे रुपये लोक आनंदाने देतील. फेरविक्रीचा नफा टंचाई सरली की संपतो. विश्वासाचे गिऱ्हाईक मात्र पुन्हा पुन्हा येते.

घरातील भगिनींनी आणि पालकांनी एवढे करावे. फोन घेताना छापील, क्रमांकासह आणि आपल्या नावाचे बिल घ्यावे. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित प्रथा आहे. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करण्यास शुल्क नाही. ‘संचार साथी’वर आपल्या नावाने किती सिम आहेत ते पाहावे, अनोळखी दिसल्यास तेथेच कळवावे. पैशाची फसवणूक झाल्यास वेळ न घालवता १९३० वर फोन करावा. आणि घरातला मुलगा हा धंदा करीत असेल, तर महिन्यातून एकदा त्याची वही मागून पाहावी. नफा किती झाला हे नंतर विचारा, नाव कोणाचे वापरले ते आधी विचारा.

फोन दोन-तीन वर्षांत जुना होतो आणि भंगारात जातो. बिलावरचे, सिमवरचे आणि बँकेच्या कागदावरचे नाव मात्र जन्मभर आपलेच राहते. ते तीनशे रुपयांना भाड्याने देऊ नका.