‘इथं पाऊसच नाहीये, मग पाणी कुठून वाढणार?’

जून उजाडला की एकदिवसीय ट्रेकच्या चौकशा सुरू होतात. कुणाचा ऑफिसचा ग्रुप असतो, कुणाचे कॉलेजचे मित्र. सगळ्यांना एकाच दिवसात सगळं हवं असतं: जंगलातली चढण, एखादा रॉक पॅच, दोरीवरून उतरणं आणि शेवटी धबधबा. मागणी गैर नाही. ताम्हिणीतली प्लस व्हॅली आहे, लोणावळा-कर्जत पट्ट्यातले ओढे आहेत, भिऱ्याजवळचं देवकुंड आहे. सोबत जाणकार गाइड असेल आणि दिवस नीट निवडला असेल, तर असा दिवस माणसाला बरंच काही देऊन जातो.

पण प्रत्येक पावसाळ्यात एक वाक्य कानावर येतं आणि ते ऐकून आता खरंच वैताग येतो. ओढ्याकाठी गाइड म्हणतो, ‘आज पलीकडे नको.’ लगेच कुणीतरी वर आभाळाकडे बोट दाखवतं: ‘अहो, ऊन पडलंय. इथं पाऊसच नाहीये, मग पाणी कुठून वाढणार?’

पाणी वरून वाढतं. तुम्ही उभे असता तिथल्या पावसाशी तुमच्या पायाखालच्या ओढ्याचा संबंध फार थोडा असतो. संबंध असतो तो घाटमाथ्याशी, आणि तो तुम्हाला खालून दिसत नाही. तुमच्या आणि त्याच्यामध्ये कडा असतो, झाडी असते, ढग असतो.

सह्याद्रीचा दगड इथं समजून घ्यायला हवा. लाव्हाचे थर एकावर एक साचून हा डोंगर बनला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. वरच्या सड्यावर, म्हणजे सपाट माथ्यावर, मातीचा थर जेमतेम असतो, कित्येक ठिकाणी नुसता उघडा कातळ. जूनच्या पहिल्या पावसात भेगा आणि माती जेवढं पाणी पिऊ शकतात तेवढं पितात. त्यानंतर सडा पत्र्याच्या छपरासारखा वागतो. पडलं की वाहिलं. उतार तीव्र असल्यामुळे ते पाणी रेंगाळत नाही आणि एखाद्या घळीतून किंवा नळीतून थेट खाली येतं. मैदानी नदीचा पूर यायला कित्येक तास, कधी दिवस लागतात. या लहान ओढ्यांचं पाणी चढायला अर्धा तासही पुरतो.

एक हिशेब करून पाहा. ओढ्याला पाणी पुरवणारा वरचा भाग समजा फक्त १ चौरस किलोमीटर आहे आणि त्यावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला. घाटमाथ्यावर अशी सर काही नवलाची नाही. ते पाणी होतं ५ कोटी लिटर. त्यातलं निम्मंच त्या तासात खाली आलं असं धरलं, तरी दर सेकंदाला जवळपास ७,००० लिटर. म्हणजे सेकंदाला ७ टन पाणी, तुम्ही ज्या घळीत डबा उघडून बसला आहात त्याच घळीतून. आणि तुमच्या डोक्यावर त्या वेळी ऊन असू शकतं.

‘पण मी सकाळी मोबाइलवर हवामान बघून निघालो,’ असंही उत्तर मिळतं. कुठलं हवामान? पुण्याचं. २५ जुलै २०२४ च्या सकाळी नोंदवलेले चोवीस तासांचे आकडे आठवा. पुण्यात शिवाजीनगरला सुमारे ११४ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि शहरात सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं होतं. त्याच चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पडला. दोन ठिकाणांमध्ये अंतर गाडीने दीड-दोन तासांचं, पावसात फरक जवळपास पाचपट. हवामान विभाग २०४.४ मिलिमीटरच्या पुढच्या पावसाला सर्वांत वरच्या वर्गात टाकतो. ताम्हिणीचा आकडा त्याच्या अडीचपटीहून जास्त होता. त्याच्या तीनच वर्षं आधी, जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर नोंदला गेला होता. म्हणूनच हवामान विभाग पुणे आणि सातारा जिल्ह्यांच्या घाट भागासाठी वेगळा इशारा देतो. तो वाचा. शहराच्या नावापुढचं ढगाचं चित्र बघून ओढ्यात उतरू नका.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूला काय झालं, ते बहुतेकांनी मोबाइलवर पाहिलंय. डोंगरातून धरणाकडे येणाऱ्या प्रवाहात एक कुटुंब अडकलं. पाणी एकाएकी वाढलं, सगळ्यांनी एकमेकांना घट्ट धरून ठेवलं आणि काठावरच्या माणसांच्या डोळ्यांदेखत ती माणसं वाहून गेली. पाच जण गेले, त्यांतली चार मुलं. त्यानंतर समाजमाध्यमांवर त्या कुटुंबाला नावं ठेवणारे खूप निघाले. ते वाचून फार वाईट वाटलं. कारण प्रवाहात उभं राहताना त्या कुटुंबाला जे वाटलं असेल, तेच दर रविवारी हजारो लोकांना वाटतं: आत्ता आहे तेवढंच पाणी पुढेही राहील. शिव्या देण्यापेक्षा ही समजूत खोडली असती तर उपयोग झाला असता.

याला जोडूनच दुसरी समजूत येते: ‘पाणी गुडघ्याएवढंच आहे.’ वाहत्या पाण्यात खोलीइतकाच वेगही मोजायचा असतो. पाण्याचा वेग तिप्पट झाला की पायांवरचा रेटा नऊपट होतो. गुडघाभर पाणी सेकंदाला १ मीटरने वाहत असेल तर दोन्ही पायांवर मिळून साधारण साडेसात किलो वजनाएवढा जोर येतो. सहज उभं राहता येतं. तेच पाणी सेकंदाला ३ मीटरने आलं की जोर सत्तर किलोच्या आसपास जातो, आणि पायाखाली शेवाळलेला गोटा असतो. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा लोकांना सांगते की वेगाने वाहणारं सहा इंच पाणीसुद्धा मोठ्या माणसाला पाडू शकतं. सहा इंच म्हणजे घोट्याच्या थोडं वर. ज्यांना हे पटत नाही त्यांनी वरचं गणित स्वतः करून बघावं.

लोंढा येण्याआधी ओढा बहुतेक वेळा सूचना देतो. आपण फोटो काढण्यात असतो, पण गाइड तेच बघत असतो. नितळ पाणी चहाच्या रंगाचं व्हायला लागतं. पाण्यावर पालापाचोळा आणि काटक्या येतात, त्याही ताज्या तुटलेल्या. मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसतो. आवाज जड होतो. यातलं एक जरी दिसलं तरी पिशव्या उचलून काठावर, उंचावर जायचं. सामान राहिलं तर राहू द्यायचं. पायथ्याच्या वाडीतला ठाकर किंवा महादेव कोळी माणूस हे शब्दांत मांडत बसत नाही. तो फक्त ‘चला’ म्हणतो आणि चालू लागतो. त्याच्याशी वाद घालणारे शहरी ट्रेकर पाहिले की हात जोडावेसे वाटतात.

आता दोरीबद्दल. ‘गाइडने दोरी लावलीये, म्हणजे काही होणार नाही,’ ही समजूत पावसाबद्दलच्या समजुतीपेक्षाही चिवट आहे, आणि अर्धवट माहिती असलेल्या गाइडांमध्येही ती सापडते. कोरड्या कातळटप्प्यावर दोरी तुमचा जीव वाचवते. हार्नेस अंगात आहे, वर पक्का अँकर आहे, कुणीतरी लक्ष देऊन तुमची दोरी सांभाळतंय, म्हणजे बीले देतंय. मग हात सुटला तरी तुम्ही दोन-चार फूट खाली लटकता आणि पुन्हा चढता. वाहत्या पाण्यात तीच दोरी उलटू शकते. ओढा ओलांडताना कमरेला दोरी बांधून गाठ मारली आणि माणूस घसरला, तर दोरी ताणली जाते, प्रवाह त्याला खाली दाबतो आणि दोरी त्याला तिथेच धरून ठेवते. डोकं पाण्याबाहेर काढता येत नाही. जगभर पाण्यातला बचाव शिकवताना हे आधी सांगतात: क्षणात सुटणारी खास व्यवस्था नसेल तर प्रवाहात माणसाला दोरीला बांधायचं नाही. हाताने धरायला आडवी दोरी असू शकते. गाठ मारायची नाही. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टाही ओलांडण्याआधी उघडून ठेवायचा.

धबधब्यातल्या रॅपलिंगचा प्रश्न याहून नाजूक आहे. तुम्ही मध्यावर आहात, टी-शर्टचं टोक किंवा केसांची बट डिसेंडरमध्ये, म्हणजे दोरीवरून उतरायच्या उपकरणात, अडकली आणि वरून पाण्याचा मारा तोंडावर चाललाय. श्वास घ्यायला जागा नाही. अशा वेळी वरचा माणूस तुमच्यासकट दोरी खाली सोडू शकला पाहिजे. त्यासाठी अँकरवर दोरी सुटेल अशीच बांधलेली असते. दोरी झाडाला पक्की आवळून बांधली असेल तर वरच्याच्या हातात काही उरत नाही. शिवाय नायलॉनची ओली दोरी कोरड्या दोरीपेक्षा कमी धक्के झेलते. गिर्यारोहणाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांमध्ये हे दिसलं आहे. बसाल्टच्या धारदार कडेवर दोरी घासत असेल आणि खाली कापडाची पट्टी नसेल, तर हे नवशिक्यालाही दिसतं. बघा, आणि विचारा. विचारण्यात गाइडचा अपमान नाही. चांगला गाइड उलट खूश होतो.

‘पोहता येतं, मग कुंडाची भीती कशाला?’ धबधब्याच्या पायथ्याशी जो पांढरा फेस दिसतो त्यात हवा मिसळलेली असते. असं पाणी शरीराला नेहमीसारखं वर उचलत नाही. शिवाय वरून पडणारा लोट माणसाला पुन्हा पुन्हा खाली खेचतो. त्याच २०२४ च्या पावसाळ्यात, भुशीच्या घटनेच्या सुमारासच, ताम्हिणीत कुंडात उडी मारलेला एक धडधाकट तरुण वाहून गेला. ‘गावातली पोरं तर तिथेच डुंबतात’ हेही ऐकतो. ती पोरं वर्षभर ते कुंड पाहतात, आतला दगड कुठे आहे आणि कोणत्या आठवड्यात उतरायचं नाही हे त्यांना ठाऊक असतं. तुम्हाला त्यांच्यातलं फक्त डुंबणं दिसतं.

बाकीच्या समजुती थोडक्यात. रॉक पॅच दंडाच्या जोरावर चढत नाहीत. वजन पायांवर ठेवायचं असतं आणि हात फक्त तोल धरतात, म्हणूनच सडपातळ मुली जिममधल्या पोरांना मागे टाकतात. उतरणं चढण्यापेक्षा सोपं नाही. उतरताना पायाची जागा दिसत नाही आणि दृष्टिभय जास्त जाणवतं, तेव्हा जो टप्पा दोरीशिवाय उतरता येणार नाही तो दोरीशिवाय चढू नका. महाग बुटांनी शेवाळावर पकड मिळत नाही. कुठल्याच बुटांनी नाही. हेल्मेट रॅपलिंगपुरतं नसतं, पावसात कड्यावरून सुटे दगड दिवसभर येत असतात. जळू विषारी नसते. तिच्या लाळेमुळे रक्त काही वेळ गोठत नाही, एवढंच. साप चावला तर आवळून दोरी बांधू नका, चीर देऊ नका, चोखू नका. तो अवयव हलू न देता माणसाला दवाखान्यात न्या, प्रतिविष तिथेच मिळतं. आणि थंडी घालवायला म्हणून घेतलेली दारू शरीर आणखी थंड करते, तोलही घालवते.

शेवटची समजूत पैशांची आहे. ‘आम्ही पैसे भरलेत, गाइडने धबधबा दाखवलाच पाहिजे.’ गाइडला पैसे देता ते त्याने ‘आज नाही’ म्हणावं यासाठीसुद्धा देता. त्याचं सगळ्यात अवघड काम रॉक पॅचवर दोरी लावणं नाही. चाळीस जणांची बस पहाटे चारला निघून आलेली असताना, पुढच्या रविवारचं बुकिंग डोळ्यांसमोर असताना, ओढ्याकाठी उभं राहून परत फिरायला सांगणं हे आहे. आपण कुरकुर करतो, ऑनलाइन एक तारा देतो, आणि पुढच्या वेळी तोच गाइड पाणी जरा जास्त असलं तरी ‘चालेल’ म्हणतो. त्याला ही सवय आपण लावतो.

महाराष्ट्र सरकारचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं. त्यानुसार असे उपक्रम घेणाऱ्या संस्थांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. धोक्याच्या ठिकाणी जाण्यावर बंदीचे आदेशही दर पावसाळ्यात निघतात. तरी अपघात होतात आणि मग लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक, जे बहुतेक आपापली कामं सोडून येतात, रात्री पावसात दरीत उतरतात. त्यांना उतरायला लागू नये, एवढं तर आपल्या हातात आहे.

तेव्हा बुकिंगचे पैसे भरण्याआधी आयोजकाला फोन करा आणि तीन गोष्टी विचारा. संस्थेची नोंदणी आहे का? धबधब्यावरची दोरी वरून सोडता येते का? पाणी वाढलं किंवा उशीर झाला, तर कुठल्या ठिकाणाहून आणि किती वाजता परत फिरणार? तिसऱ्या प्रश्नाला ‘बघू तेव्हा’ असं उत्तर आलं, तर त्या संस्थेबरोबर जाऊ नका.