दीर्घिका घडवायची, तर आधी तिला अडवा

दोन दीर्घिका एकमेकींच्या जवळून गेल्या तर काय होईल? स्वीडनमधल्या लुंडच्या एरिक होल्मबर्गला 1941 साली हे बघायचं होतं, आणि संगणक तर नव्हताच. मग पठ्ठ्यानं 74 दिवे मांडले, प्रत्येक दीर्घिकेला 37! अंतर दुप्पट झालं की दिव्याचा उजेड एक चतुर्थांश उरतो. गुरुत्वाकर्षणाची ओढही तेवढीच उरते. म्हणून प्रत्येक जागी कुठून किती उजेड येतो ते मोजायचं, त्या हिशेबानं दिवे सरकवायचे, पुन्हा मोजायचं. ओढ चक्क उजेडानं मोजली!

पुढे दिव्यांच्या जागी संगणकातले कण आले. 2005 च्या ‘मिलेनियम’ सिम्युलेशनमध्ये ते 1000 कोटी होते. प्रत्येक कण दुसऱ्या प्रत्येकाला ओढणार, म्हणजे जोड्या किती? 5 वर 19 शून्यं! यातून सोडवलं एका युक्तीनं: दूरचा अख्खा घोळका एकच जड कण मानायचा, बारकाईचा हिशेब फक्त शेजाऱ्यांचा.

पण गुरुत्वाकर्षण हा सोपा भाग निघाला. खरा खट्याळ तो वायू. तो तापतो, निवतो, आक्रसतो, त्यातून तारे जन्मतात. सुरुवातीच्या सिम्युलेशनमध्ये तो भराभर निवून मध्यभागी कोसळायचा. वारेमाप तारे, मधोमध भलामोठा फुगवटा, आणि आपल्या आकाशगंगेसारखी पसरट तबकडी काही केल्या जमेना. काय राहून गेलं होतं?

ताऱ्यांचं मरण! अवजड तारे थोडक्या आयुष्यानंतर फुटतात. स्फोटानं आसपासचा वायू तापतो, दूर ढकलला जातो आणि नव्या ताऱ्यांचा जन्म लांबतो. दीर्घिका नीट घडायला तिचं घडणं कुणीतरी सतत रोखावं लागतं, हे अजब नाही? स्फोटांचा हा धक्का नीट धरल्यावर 2011 मध्ये ‘एरिस’ सिम्युलेशनमध्ये आकाशगंगेशी मिळतीजुळती दीर्घिका अवतरली.

मात्र एक पंचाईत उरतेच. 2014 च्या ‘इलस्ट्रिस’नं सुमारे 35 कोटी प्रकाशवर्षं रुंदीचा विश्वाचा तुकडा उभा केला. त्यासाठी 8000 हून अधिक प्रोसेसर एकदम राबले. तरी वायूचा एकेक कण लाखभराहून कितीतरी अधिक सूर्यांच्या वजनाचा! अख्खा तालुका एक ठिपका असलेल्या नकाशावरून कुठल्या घरात चूल पेटली ते सांगायचं, तसंच हे. एकटा तारा इथे दिसणारच नाही. मग तारे किती जन्मावेत, स्फोटांनी आणि दीर्घिकांमधल्या कृष्णविवरांनी वायू किती ढकलावा, याचे नियम माणसंच लिहून देतात आणि खऱ्या आकाशाशी ताडून आकडे बसवतात. कधी ते चुकतातही. इलस्ट्रिसमधल्या कृष्णविवरांनी दीर्घिकांच्या समूहांतला वायू नको तितका बाहेर उधळला. पुढच्या ‘टीएनजी’ मालिकेत तो नियमच बदलावा लागला.

टीएनजीची आकडेवारी सर्वांना खुली आहे, व्हिडिओही इंटरनेटवर आहेत. जरूर बघा. त्यातली ओढ न्यूटनच्या गणिताची आहे, स्फोटांचा जोर मात्र अजून माणसाच्या अंदाजाचा.